औषधात उरलेले द्रावक मोजताना: हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफी, सिलिंडरपासून आकड्यापर्यंत

औषधाचा मूळ घटक कारखान्यात बनतो तेव्हा तो कुठल्या ना कुठल्या द्रावकात विरघळवलेला, त्यातून स्फटिकरूपाने काढलेला आणि मग वाळवलेला असतो. कितीही वाळवला तरी थोडे मेथॅनॉल, थोडे टोल्युइन स्फटिकांच्या पोटात अडकून राहतेच. ते किती राहिले हे दाखवल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. कुरकुंभ, तारापूर, महाड, वाळूज या पट्ट्यांतल्या औषध कारखान्यांच्या क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणी विभागात जीसीचे (गॅस क्रोमॅटोग्राफीचे) यंत्र पाळ्या बदलल्या तरी चालूच असते, त्यामागे हे एक मोठे कारण.

या लेखात तीच एक चाचणी सुरुवातीपासून शेवटापर्यंत घेतली आहे: हेडस्पेस (बंद बाटलीत नमुन्यावर जमलेले बाष्प घेणे), केशनलिकेचा कॉलम (ज्या लांब बारीक नळीत द्रावक वेगळे होतात) आणि एफआयडी (बाहेर येणारे द्रावक ज्योतीत जाळून मोजणारा डिटेक्टर). या चाचणीतला चुकीचा आकडा बहुधा कॉलममध्ये चुकत नाही. तो आधीच चुकलेला असतो, वायूच्या एखाद्या जोडणीत किंवा व्हायलच्या, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटलीच्या, झाकणात. म्हणून खाली सिद्धांतापेक्षा नळ्या, फेरूल (जोडणी घट्ट करणाऱ्या कड्या) आणि झाकणे यांनाच जास्त जागा दिली आहे.

मर्यादा कोणती, ते आधी

आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू३सी या मार्गदर्शक सूचनेत द्रावकांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग शक्यतो वापरूच नये असा: बेंझिनला २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग), कार्बन टेट्राक्लोराइडला ४, १,२-डायक्लोरोइथेनला ५. दुसऱ्या वर्गाला घातकतेनुसार मर्यादा: मेथॅनॉल ३०००, टोल्युइन ८९०, टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) ७२०, डायक्लोरोमिथेन ६००, अ‍ॅसिटोनायट्राइल ४१०, हेक्झेन २९०, क्लोरोफॉर्म ६०. तिसऱ्या वर्गातले इथेनॉल, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), इथाइल अ‍ॅसिटेट त्यामानाने सौम्य, त्यांना ५००० पीपीएम चालते.

या आकड्यांवरूनच स्टँडर्डची, म्हणजे तुलनेसाठीच्या ज्ञात द्रावणाची, तीव्रता ठरते. बेंझिनचे २ पीपीएम आणि अ‍ॅसिटोनचे ५००० पीपीएम एकाच इंजेक्शनमध्ये नीट बसवण्याचा हट्ट धरू नये. बेंझिनसाठी वेगळी, जास्त संवेदनशील पद्धत ठेवावी. आणि प्रक्रियेत टोल्युइन असेल तर बेंझिन तपासावेच लागते, कारण व्यापारी प्रतीच्या टोल्युइनमध्ये ते अशुद्धी म्हणून असू शकते. आडात असेल ते पोहऱ्यात येणारच.

आपण सहा द्रावक धरू: मेथॅनॉल, अ‍ॅसिटोन, आयपीए, डायक्लोरोमिथेन, इथाइल अ‍ॅसिटेट आणि टोल्युइन.

वेगळे होतात ते कसे

दोन प्रवासी एकाच गाडीने निघाले असे समजा. पण एकजण दर थांब्यावर चहाला उतरतो आणि दुसरा जागचा हलत नाही. मुक्कामाला कोण आधी पोहोचेल हे गाडीचा वेग ठरवत नाही, उतरण्याची सवय ठरवते. कॉलमच्या आतल्या भिंतीवर सिलिकोन पॉलिमरचा पातळ थर असतो. द्रावकाचा रेणू काही वेळ त्या थरात मुरतो, काही वेळ वाहक वायूबरोबर पुढे जातो. थरात जास्त वेळ घालवणारा उशिरा बाहेर येतो. वाहक वायूचा मार्टिन आणि जेम्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी असा केलेला उपयोग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. आज वापरतो तो लवचिक, सिलिकाचा केशनलिका कॉलम १९७९ पासूनचा.

नवख्या विश्लेषकाचा इथे एक गैरसमज असतो: ज्याचा उत्कलनबिंदू कमी तो आधी येणार. डायक्लोरोमिथेन ४० अंशाला उकळते, मेथॅनॉल ६५ ला, आयपीए ८२ ला. तरीही या कामाच्या नेहमीच्या कॉलमवर क्रम मेथॅनॉल, अ‍ॅसिटोन, आयपीए आणि त्यानंतर डायक्लोरोमिथेन असा लागतो. अल्कोहोल द्रवरूपात एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात, म्हणून त्यांचा उत्कलनबिंदू चढा असतो. कॉलमच्या थरात त्यांना धरायला तसा सोबती मिळत नाही, आणि ते सुटून पुढे जातात. त्यामुळे क्रम अंदाजाने लिहू नये. प्रत्येक द्रावक एकेकटा इंजेक्ट करून त्याचा रिटेन्शन टाइम (कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ) नोंदवावा, मगच मिश्रणाकडे वळावे.

वायू आणि नळ्या

वाहक वायू म्हणून हीलियम उत्तम, पण तो आयात होतो आणि महाग पडतो. नायट्रोजन स्वस्त आहे, फक्त त्याची सर्वोत्तम कार्यक्षमता मंद वेगाला, साधारण सेकंदाला १० ते १५ सेंमीच्या आसपास मिळते. त्याला ३५-४० वर पळवला तर पीक्स (आलेखावरचे प्रत्येक द्रावकाचे उंचवटे) थोडी रुंद होतात. सहा द्रावकांच्या या कामाला ते परवडते. वीस-पंचवीस द्रावकांची यादी असेल तर हीलियमचा खर्च करावा.

शुद्धता ९९.९९९ टक्के हवी. सिलिंडर भरलेला असताना दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलो असतो. तो १५-२० किलोवर आला की बदलावा, शेवटपर्यंत ओढत बसू नये, कारण तळाला ओलावा आणि अशुद्धीचे प्रमाण वाढते. यंत्राकडे जाताना रेग्युलेटरवर ४ ते ५ किलो दाब पुरे. नळी तांब्याची किंवा स्टीलची, आतून तेलविरहित. प्लॅस्टिकची नळी ‘तात्पुरती’ म्हणूनही जोडू नये: तिच्या भिंतीतून हवेतला ऑक्सिजन आत झिरपतो आणि तापलेल्या कॉलमचा थर खाऊन टाकतो. यंत्राच्या अगोदर ओलावा, ऑक्सिजन आणि हायड्रोकार्बन शोषणारे ट्रॅप असावेत. रंग बदलणारा ट्रॅप असेल तर तो रोज बघण्यासाठी असतो, भिंतीची शोभा म्हणून नाही.

हायड्रोजनच्या सिलिंडरचे आटे उलटे, डावीकडे फिरणारे असतात. मुद्दाम तसे केलेले आहे, म्हणजे चुकीचा रेग्युलेटर बसूच नये. बसत नाही म्हणून जोर लावणारा माणूस त्या खोलीत नको.

गळती शोधायला वायूच्या मुख्य नळ्यांवर साबणाचे पाणी चालते. कॉलमच्या जोडण्यांवर मात्र ते कधीही लावू नये, फट असेल तर साबण आत ओढला जातो आणि मग आठवडाभर नसलेली पीक्स दिसत राहतात. तिथे इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टरच वापरावा.

कॉलम बसवणे

कॉलम घ्या ३० मीटर लांब, ०.३२ मिमी आतील व्यास, १.८ मायक्रॉन थर, ६ टक्के सायनोप्रोपिलफेनिल आणि ९४ टक्के डायमिथाइल पॉलिसिलोक्झेन. प्रयोगशाळेत याला सरळ ‘६२४’ म्हणतात. यूएसपीच्या, म्हणजे अमेरिकी औषधसंहितेच्या, भाषेत तो जी४३. थर जाड असल्यामुळे पटकन उडणारे द्रावकही थोडे थांबतात, म्हणून तो या कामाला निवडलेला आहे.

आधी नट, मग फेरूल कॉलमवर ओवा आणि त्यानंतर टोकाचा १-२ सेंमी भाग कापून टाका. उलट केले तर फेरूलमधला ग्राफाइटचा चुरा कॉलमच्या तोंडात अडकतो. कापण्यासाठी सिरॅमिक पातेच वापरा: एका बाजूला हलकी रेघ ओढा आणि वाकवून तोडा. मग भिंगातून बघा. कड काटकोनात, स्वच्छ हवी. तिरकी किंवा दातेरी असेल तर पुन्हा कापा. पाच मिनिटांचे हे काम वाचवणाऱ्याला पुढे शेपटीची किंवा दुभंगलेली पीक्स मिळतात.

इनलेटमध्ये (बाष्प कॉलममध्ये शिरते त्या तोंडाशी) कॉलम किती आत जावा हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. अनेक यंत्रांवर स्प्लिटसाठी (बाष्पाचा काहीच भाग कॉलममध्ये सोडून बाकीचा बाहेर घालवण्यासाठी) फेरूलच्या वर ४ ते ६ मिमी. मोजून नटाच्या मागे खूण करा, नाहीतर घट्ट करताना कॉलम सरकतो आणि कळत नाही. एफआयडीच्या बाजूला कॉलम जेटला (ज्योतीच्या तोटीला) टेकेपर्यंत वर न्या आणि सुमारे १ मिमी मागे घ्या. नट बोटांनी घट्ट करून पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरेसा असतो. ग्राफाइट-व्हेस्पेलचे फेरूल पहिल्या तापवण्यानंतर आकसते, त्याला थंड झाल्यावर पुन्हा किंचित आवळावे लागते. हे विसरणे हे ‘काल चालत होते, आज रिटेन्शन सरकला’ या तक्रारीचे ठरलेले कारण.

नवा कॉलम थेट डिटेक्टरला जोडून तापवू नये. इनलेटला जोडा, दुसरे टोक ओव्हनमध्ये मोकळे ठेवा, डिटेक्टरचे तोंड टोपी लावून बंद करा. वायू चालू करून थंड अवस्थेतच १५-३० मिनिटे जाऊ द्या, म्हणजे आतला ऑक्सिजन निघून जाईल. मग मिनिटाला ५ अंश या गतीने २४० पर्यंत वाढवून दोन तास ठेवा. या काळात डिटेक्टरचा हायड्रोजन बंदच असला पाहिजे. डिटेक्टरला कॉलम नाही, टोपी नाही आणि हायड्रोजन चालू, असे झाले तर तो वायू ओव्हनमध्ये साठतो आणि गरम ओव्हनमध्ये स्फोट होऊ शकतो. या लेखातली एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ही.

वाहक वायू नसताना कॉलम तापवला तर तो गेलाच समजा. म्हणून यंत्र यूपीएसवर हवे, आणि वीज परत आल्यावर ओव्हन आपोआप तापणार नाही अशी मांडणी हवी.

यंत्राची मांडणी

वाहक नायट्रोजन, स्थिर प्रवाह मिनिटाला २ मिलि. इनलेट १८० अंश, स्प्लिट ५:१. ओव्हन ४० अंशावर ८ मिनिटे, मग मिनिटाला १० अंशाने १२० पर्यंत, पुढे मिनिटाला ४० अंशाने २४० पर्यंत आणि तिथे ८ मिनिटे. एकूण २७ मिनिटे. शेवटची ८ मिनिटे आपल्या द्रावकांसाठी नाहीत, ती डायल्युअंटला (नमुना ज्यात विरघळवतो त्या द्रवाला, इथे डीएमएसओ म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइडला) हाकलण्यासाठी आहेत. ती वाचवायला गेलात तर डीएमएसओ पुढच्या इंजेक्शनच्या मधोमध डोंगर होऊन उभे राहते.

स्प्लिट ५:१ च का? लूपमध्ये (व्हायलमधले बाष्प मोजून घेणाऱ्या नळीत) १ मिलि बाष्प आहे. कॉलमचा २ आणि स्प्लिटचा १० मिळून इनलेटमधून मिनिटाला १२ मिलि वायू जातो, म्हणजे लूप सुमारे ५ सेकंदांत रिकामा होतो. संवेदनशीलता वाढावी म्हणून स्प्लिट १:१ केला तर प्रवाह ४ मिलि उरतो, रिकामे व्हायला १५ सेकंद लागतात आणि सुरुवातीचे मेथॅनॉल तेवढेच पसरट होते. पीकचे क्षेत्रफळ वाढले तरी उंची फारशी वाढत नाही. त्याच कारणासाठी लायनर (इनलेटमधली काचेची नळी) अरुंद, १ ते २ मिमी आतील व्यासाचा सरळ घ्यावा. द्रव इंजेक्शनसाठी असलेला काचलोकर भरलेला रुंद लायनर इथे अडचण करतो.

एफआयडी २६० अंश. हायड्रोजन मिनिटाला ३५ मिलि, हवा ३५०, मेक-अप (डिटेक्टरला वेगळा पुरवलेला) नायट्रोजन २५. हायड्रोजन आणि हवा यांचे प्रमाण १ ला १० च्या आसपास राहू द्या. डिटेक्टर १५० अंशांच्या खाली असताना ज्योत पेटवू नये, ज्वलनातून तयार होणारे पाणी आतच साचते. ज्योत पेटली की बारीक ‘पट्’ असा आवाज येतो. खात्री हवी तर थंड, चकचकीत पाना डिटेक्टरच्या तोंडावर धरा. त्यावर वाफ जमली तर ज्योत आहे.

एफआयडी कार्बन-हायड्रोजन बंध जळताना तयार होणारे आयन मोजतो. पाणी, नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाहीत, आणि ते आपल्या सोयीचेच आहे. पण डायक्लोरोमिथेनलाही तो जेमतेम ओळखतो. तितक्याच वजनाच्या टोल्युइनपेक्षा त्याचे पीक बरेच लहान येणार, त्यात यंत्राचा दोष नाही.

हेडस्पेस: ओव्हन १०० अंश, लूप ११०, ट्रान्सफर लाइन (बाष्प जीसीकडे नेणारी नळी) १२०. ही उतरंड उलटी करू नये. पुढचा भाग मागच्यापेक्षा गरम नसेल तर बाष्प वाटेतच निवळते आणि डीएमएसओचा ओशट थर लाइनमध्ये बसतो. व्हायल हलवत ३० मिनिटे तापवा, साधारण १५ पीएसआय दाब द्या, लूप भरून १ मिनिट इंजेक्शन. ३० मिनिटे पुरतात का हे गृहीत धरू नये: एकच स्टँडर्ड १०, २०, ३० आणि ४० मिनिटे तापवून बघा, क्षेत्रफळ जिथे वाढायचे थांबते तिथून पुढचा वेळ घ्या.

व्हायलच्या आत काय चालते

आंब्याच्या अढीत हात न घालता, नुसत्या वासावरून पिकले किती हे जाणकार सांगतो. हेडस्पेस तेच करते. नमुना कॉलममध्ये जातच नाही, फक्त त्याच्यावरची हवा जाते. म्हणून कॉलम स्वच्छ राहतो. पण वासावरून आत किती आहे हे सांगायचे तर वास आणि माल यांचे गणित माहीत हवे.

ते असे: वायूतली तीव्रता म्हणजे द्रावणातली मूळ तीव्रता भागिले (के अधिक बीटा). के म्हणजे तो द्रावक द्रवात राहणे किती पसंत करतो, बीटा म्हणजे मोकळी जागा आणि द्रव यांचे प्रमाण. २० मिलिच्या व्हायलमध्ये २ मिलि द्रव असेल तर बीटा ९. समजा एखाद्याचा के ५०० आहे. तर ५०९ मधले ९ कमी-जास्त झाले तरी काही बिघडत नाही, द्रव थोडा कमी पडला तरी उत्तर तेच. के ५ असेल तर मात्र ५ अधिक ९ मध्ये ९ च मोठा, आणि पिपेटची छोटी चूक सरळ क्षेत्रफळात उतरते. उलट पहिल्या प्रकारच्या द्रावकाला तापमान जपावे लागते, कारण त्याचा के तापमानाबरोबर झपाट्याने घटतो आणि तोच उत्तर ठरवतो. मेथॅनॉल डीएमएसओला घट्ट धरून राहते, ते पहिल्या प्रकारात मोडते.

डायल्युअंट डीएमएसओ का? पाण्यात न विरघळणारे बहुतेक औषधी घटक त्यात विरघळतात, आणि १८९ अंशाला उकळत असल्याने ते आपल्या सहांच्या बरेच नंतर येते. दोन खोडी मात्र आहेत. ते १८.५ अंशाला गोठते, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात सकाळी बाटली दगड झालेली असते. कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा आणि हलवून घ्या, अर्धवट वितळलेले ओतू नका. दुसरी खोड, ते हवेतला ओलावा आणि बाष्प ओढून घेते. शेजारच्या टेबलावर कुणी अ‍ॅसिटोनने काचसामान धुत असेल तर ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या, नुसत्या डीएमएसओच्या व्हायलमध्ये) अ‍ॅसिटोन हजर. हेडस्पेस दर्जाची बाटली घ्या, उघडल्याची तारीख लिहा आणि ती द्रावकांच्या कपाटापासून लांब ठेवा.

स्टँडर्ड आणि नमुना

१०० मिलिच्या फ्लास्कमध्ये सुमारे ५० मिलि डीएमएसओ आधी घ्या. रिकाम्या फ्लास्कमध्ये द्रावक टाकून वजन करत बसलात तर डायक्लोरोमिथेन तुमच्या डोळ्यांसमोर उडून जाते. सिरिंजची सुई द्रवाच्या पृष्ठभागाखाली नेऊन सोडा, बूच लावा, वजनातला फरक नोंदवा: मेथॅनॉल ३०० मिग्रॅ, अ‍ॅसिटोन ५००, आयपीए ५००, डायक्लोरोमिथेन ६०, इथाइल अ‍ॅसिटेट ५००, टोल्युइन ८९. सर्वांत उडणारे डायक्लोरोमिथेन शेवटी घाला. खुणेपर्यंत भरा. हे झाले स्टॉक. त्यातले ५ मिलि ५० मिलिला न्या. आता मेथॅनॉल मिलिला ३०० मायक्रोग्रॅम, टोल्युइन ८९, आणि याच प्रमाणात बाकीचे. नमुना मिलिला १०० मिग्रॅ घेणार असल्याने हेच बरोबर मर्यादेएवढे झाले.

नमुन्याचे सुमारे २०० मिग्रॅ थेट व्हायलमध्ये तोला, २ मिलि डीएमएसओ घाला आणि लगेच झाकण दाबा. खल-बत्त्यात कुटून घेऊ नका, कुटताना उष्णता निर्माण होते आणि मोजायचे तेच उडते. स्टँडर्डच्या व्हायलमध्ये २ मिलि स्टँडर्ड, ब्लँकमध्ये २ मिलि डीएमएसओ. नमुना पूर्ण विरघळला पाहिजे. तळाला खडे राहिले तर त्यांच्या आतले द्रावक बाहेर आलेलेच नाही आणि रिपोर्टवर मात्र माल सुंदर दिसतो.

झाकण लावताना सेप्टमची (झाकणातल्या चकतीची) टेफ्लॉनची बाजू आत, सिलिकोनची बाहेर. उलटी लावली तर सिलिकोन बाष्प शोषते. क्रिंप केल्यावर (दाबून बसवल्यावर) झाकण तीन बोटांनी फिरवून बघा. फिरले तर सैल, पुन्हा दाबा. मधे खड्डा पडून सेप्टम फुगीर दिसला तर जास्त आवळले गेले, तेही गळते. क्रिंपरचा स्क्रू थोडा सैल करा. दर नव्या लॉटच्या झाकणांना हे पुन्हा जुळवावे लागते.

क्रम आणि आकडेमोड

आधी ब्लँक, मग स्टँडर्ड सहा वेगवेगळ्या व्हायलमधून, मग पुन्हा एक ब्लँक, नंतर नमुना दोनदा, आणि दर दहा नमुन्यांनंतर व शेवटी एक स्टँडर्ड. एकाच व्हायलमधून सहा वेळा घेऊ नये. पहिल्याच टोचणीत तिच्यातले बाष्प कमी झालेले असते, क्षेत्रफळ उतरत जाते. सहा स्टँडर्डच्या क्षेत्रफळांचा आरएसडी (सापेक्ष प्रमाण विचलन) १५ टक्क्यांच्या आत ही रूढ अट. नीट क्रिंप केलेल्या व्हायल ५ च्याही आत बसतात, आणि १२-१३ आला तर ‘पास’ म्हणून पुढे न जाता झाकणे तपासावीत. अ‍ॅसिटोन आणि आयपीए ही इथली अवघड जोडी, त्यांच्यातले रिझोल्यूशन (दोन पीक्समधली फारकत) १.५ तरी हवे. कमी पडले तर प्रवाह १.५ मिलिवर आणून बघा.

टोल्युइनचे उदाहरण घेऊ. स्टॉकमध्ये प्रत्यक्ष वजन ८९.२ मिग्रॅ, शुद्धता ९९.८ टक्के, म्हणजे स्टँडर्डमध्ये मिलिला ८९.०२ मायक्रोग्रॅम. स्टँडर्डचे सरासरी क्षेत्रफळ ४१२५०, नमुन्याचे ११३८०, नमुन्याचे वजन ०.२०१४ ग्रॅम.

११३८० ÷ ४१२५० × ८९.०२ × २ ÷ ०.२०१४ = २४४ पीपीएम. मर्यादा ८९०.

यातले २ म्हणजे व्हायलमधले मिलि. ते विसरून निम्मा आकडा कळवण्याची चूक हाताने बनवलेल्या एक्सेल शीटमध्ये सहज होते.

आकडा आला, पण तो खरा आहे का? विरघळलेला औषधी घटक के बदलू शकतो; नमुन्याची व्हायल आणि स्टँडर्डची व्हायल मग सारखी वागत नाहीत. म्हणून नव्या घटकासाठी पद्धत वापरण्याआधी नमुन्यात ज्ञात मात्रा घालून ती परत किती मिळते ते पाहा. ८० ते १२० टक्के आली तर ठीक. ६० च्या आसपास आली तर बाह्य स्टँडर्ड सोडा आणि नमुन्यातच वाढती मात्रा घालून रेषा काढा.

आणखी एक, एफआयडी द्रावकाचे नाव सांगत नाही, फक्त वेळ सांगतो. त्या वेळेला दुसरे काहीही येऊ शकते. मर्यादेजवळचा किंवा अनपेक्षित पीक मिळाला तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या कॉलमवर पुन्हा चालवा. तिथे क्रम पूर्ण बदलतो. दोन्हीकडे वेळ जुळली तर संशय बराच मिटतो. मास स्पेक्ट्रोमीटर असेल तर प्रश्नच नाही.

बिघडले तर कुठे बघावे

काही गडबड झाली की कॉलम बदलायला धावणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. आधी लक्षण नीट वाचावे.

एखाद्याच व्हायलची सगळी पीक्स सारख्याच प्रमाणात लहान: झाकण. ओळीने प्रत्येक व्हायलमध्ये थोडी थोडी घट: हेडस्पेसच्या सुईत सेप्टमचा तुकडा, किंवा लूपच्या व्हॉल्व्हची गळती. स्टँडर्ड सकाळपासून फ्लास्कमध्ये उघडे होते का, हेही विचारा. सगळे रिटेन्शन टाइम उशिरा: प्रवाह कमी, म्हणजे इनलेटला गळती किंवा सिलिंडर संपत आलेला. सगळे लवकर, आणि कालच कॉलम कापला असेल, तर यंत्रात कॉलमची नवी लांबी भरायची राहिली.

फक्त अल्कोहोलच्या पीक्सना शेपूट आणि टोल्युइन सुबक: लायनरवर किंवा कॉलमच्या पहिल्या काही सेंटिमीटरवर सक्रिय जागा तयार झाल्या आहेत. लायनर बदला, कॉलमचा सुरुवातीचा २०-३० सेंमी भाग कापा. सगळ्यांनाच शेपूट असेल तर कॉलमची बसवणूक चुकली आहे.

ब्लँकमध्ये पीक: तीच व्हायल पुन्हा न वापरता आधी पूर्ण रिकामी, फक्त हवा असलेली व्हायल चालवा. त्यातही तो पीक आला तर उगम यंत्रात किंवा खोलीच्या हवेत, न आला तर डीएमएसओमध्ये. तापमानाबरोबर बेसलाइन चढणे थोडे स्वाभाविक असते. ती महिन्या-महिन्याला जास्त चढू लागली तर ऑक्सिजन आत येतोय, ट्रॅप बघा. बेसलाइनवर टोकदार काटे असतील तर एफआयडीचे जेट उघडा. कॉलममधून झिजलेला सिलिकोन ज्योतीत जळून पांढरी सिलिका तिथे बसते, ती तारेने आणि सोनिकेटरमध्ये निघते.

जिथे ही पद्धत चालत नाही

डीएमएफची (डायमिथाइलफॉर्मामाइड) मर्यादा ८८० पीपीएम, एनएमपीची (एन-मिथाइलपायरोलिडोन) ५३०. दोन्ही १५० अंशांच्या वर उकळतात आणि हेडस्पेसमध्ये पुरेसे वर येतच नाहीत. त्यांना द्रव इंजेक्शनच लागते, काचलोकरीच्या लायनरसह, आणि लायनर वारंवार बदलण्याची तयारी ठेवून. ट्रायइथाइलअमाइन ६२४ वर लांब शेपूट सोडते, त्याला अमाइनसाठी बनवलेला कॉलम घ्या. अ‍ॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लही वेगळ्या पद्धतीने मोजावीत; फॉर्मिक आम्ल तर एफआयडीला जवळजवळ दिसतच नाही.

काम संपल्यावर ज्योत विझवा, हायड्रोजन आणि हवा बंद करा, ओव्हन ४० वर आणि इनलेट ८० च्या खाली येऊ द्या. नायट्रोजन मात्र चालूच ठेवा, रात्रभर मिनिटाला १ मिलि पुरतो. सुट्ट्या जोडून आल्या असतील तर जाण्यापूर्वी सिलिंडरचा काटा एकदा बघून घ्या.